बिनदाताचा बेंजो

बेंजोला दात असतात हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्या दातांवर आहे. लग्नाच्या बँडमध्ये तुम्ही बेंजो बघितला असेल. लांबट लाकडी पेटी, वर तारा, आणि तारांच्या वर टाइपरायटरसारखी बटणं, हेच त्याचे दात. बटण दाबलं की खालची पट्टी तारेवर बसते आणि सूर निघतो. एका बटणाला एक सूर. दोन बटणांच्या मधे काही नाही.

माझ्या बेंजोला ती बटणंच नाहीत. मी तो समोर आडवा ठेवते, डाव्या हातात खोकल्याच्या औषधाची जाड काचेची छोटी बाटली धरते आणि ती तारांवरून सरकवते. उजव्या हातानं छेडते. मग सूर उड्या मारत जात नाही, चालत जातो. वाटेत थांबतो, मागं वळून बघतो, कधी कधी जायचंच टाळतो. माणसाचा गळा असाच चालतो.

एवढंच माझं काम. जन्मभर हेच केलं.

मी बिदरकडच्या हळ्ळीखेडची. शाळा चौथीपर्यंत, तीही कशीबशी, त्यामुळं वाक्य लांबलं की मलाच दम लागतो. छोटी छोटी लिहिते. दिवाळी अंकात डॉक्टर लिहितात, वकील लिहितात, फौजदार लिहितात. त्यांच्याकडं खून आणि खटले असतात. माझ्याकडं हळदी आहेत, बारशी आहेत, आणि एका जिवंत माणसाची मयत आहे. शिवाय यंदाची गुलबर्ग्याची एक दुपार आहे. तिला आता कलबुर्गी म्हणायचं, पण माझ्या तोंडात गुलबर्गाच बसलंय. त्या दुपारचं आठवलं की अजून हात शिवशिवतात. ते शेवटी सांगते. आधी बाटली.

माझी आई बिदरला एका मिशनच्या दवाखान्यात स्वयंपाकाला होती. तिथं एक अमेरिकन नर्स होती. उंच, तांबडी, आवाज हवालदाराचा. तिचं नाव कोणाच्या जिभेवर बसेना म्हणून सगळे दोड्डम्मा म्हणायचे, म्हणजे मोठी बाई. तिच्या व्हरांड्यात रेकॉर्ड वाजवायची पेटी होती. रविवारी चर्च आटोपलं की ती खुर्चीत पाय पसरून बसायची आणि मी खाली बसून तांदूळ निवडायची. बहुतेक गाणी देवाची, झोप आणणारी. पण एक रेकॉर्ड वेगळी होती. ती लागली की पाद्री साहेब व्हरांड्यावरून न जाता मागच्या बाजूनं जायचे.

एक बाई गायची, मागं गिटार. बाई एक ओळ म्हणायची. परत तीच ओळ म्हणायची. मग तिसरी ओळ टाकायची, पहिल्या दोन्हींचा हिशेब चुकता केल्यासारखी. मला इंग्रजी ओ का ठो कळत नव्हतं. पण ती चाल मी लगेच ओळखली. आमच्या गल्लीतल्या बाया अशाच भांडतात. ‘मी सांगितलं होतं का न्हाई? मी सांगितलं होतं का न्हाई? मग आता भोग!’

दोड्डम्माला मी विचारलं, “ही कोण बाई?”

ती तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली, “आमच्याकडं काळे लोक. खूप कष्ट केला. हा त्यांचा गाणा.”

रेकॉर्डच्या पाकिटावर फोटो होता. एक माणूस ओट्यावर बसलाय, मांडीवर गिटार आडवी, हातात बाटली. मला वाटलं दारूची. दोड्डम्मा हसली. तिनं टेबलावरची औषधाची रिकामी बाटली घेतली आणि हवेत सरकवून दाखवली. अशी. मग ती बाटली मला देऊन टाकली. तिला वाटलं पोर खेळेल. मी अजून खेळतेय.

लग्न होऊन हळ्ळीखेडला आले. आमचे मालक पिठाची गिरणी चालवायचे. हुमनाबादचा एक बँड मोडला, तेव्हा त्यांचा बेंजो कोणीतरी गिरणीत आणून टाकला. बटणं गंजून गळाली होती. मालकांनी तो उलटापालटा करून बघितला.

“ह्याचे दात पडलेत की. फेकून दे.”

“तुमचेबी पडतील. तवा फेकू का?”

चांगला माणूस होता, कधी गप बसायचं ते कळायचं त्यांना. मी राहिलेली बटणंही पक्कडीनं उपटून काढली, तारा बदलल्या, दोड्डम्माची बाटली कपड्यांच्या पेटीतून काढली आणि गिरणीत पोत्यावर बसून सरकवायला लागले. गिरणीचा पट्टा फट फट करायचा, त्याच्यावर ठेका धरला. दळणाला आलेल्या बाया बाहेर म्हणायच्या, मांजर अडकलंय आत, सोडवा कोणीतरी.

एकटी राजम्मा आत आली. ती निर्णा गावची, घरात कन्नड, ज्वारीचं पोतं डोक्यावर. तिचे वडील भजनात ढोलकी वाजवायचे. पोतं उतरवून तिनं ऐकलं आणि म्हणाली, “हे मांजर न्हाई अक्का. पण हे रडायलंय का हसायलंय?”

“तूच सांग.”

तिनं पिठाचा रिकामा डबा उलटा घेतला आणि वाजवला. आणि उशिरा वाजवला. तेवढ्यानं माझं आयुष्य बदललं.

हे उशिराचं समजावून सांगायला पाहिजे. तबला शिकलेले लोक म्हणतात, राजम्माचा ठोका चुकतो. चुकत नाही, थांबतो. तुम्ही पाळणा हलवला असेल. पाळणा तुमच्याकडं येताना ढकलला तर हाताला लागतो आणि पोर दचकून उठतं. तो येतो, थांबतो, परत फिरायला लागतो, तेव्हा बोट लावायचं. राजम्मा तेव्हा बोट लावायची. माझी ओळ संपायची, ऐकणाऱ्याला वाटायचं आता ठोका पडणार, आणि पडायचा नाही. त्याचा श्वास अडकायचा. मग पडायचा. बायका म्हणायच्या, अगं बाई! त्या ‘अगं बाई’साठी लोक आम्हाला बोलवायचे.

पुढं डब्याच्या जागी तिच्या वडिलांची ढोलकी आली. आमचं काम म्हणजे हळद, बारसं, डोहाळे, उरूस, मठाची जत्रा, आणि कोणी वारलं की भजन. या भागात एका गल्लीत तीन भाषा, मराठी, कन्नड आणि दख्खनी उर्दू. पाहुण्यांच्या घरी कुठल्या भाषेत सुरुवात करायची हे विचारायचं नसतं, लोकांना राग येतो. आम्ही दारात पाणी मागायचो आणि आतून सासू सुनेला काय ओरडते ते ऐकायचो. पाणी म्हणाली तर मराठी, पानी म्हणाली तर उर्दू, नीर म्हणाली तर कन्नड. सासू ओरडतच नसेल तर घर दुःखात आहे, भजनानं सुरुवात करायची. गाण्यात मात्र आम्ही सगळं एकत्र करायचो. सुरुवात ओवीची, मधे मठातलं कन्नड पद, उरुसात ऐकलेल्या कव्वालीची तान, आणि सगळ्याच्या खाली ती रेकॉर्ड. बसवकल्याणचे एक गवई मला तोंडावर म्हणाले, ही खिचडी आहे. मी म्हटलं, व्हय, आणि भांडं रिकामं जातंय.

आणखी एक नियम होता. लग्नाच्या गर्दीत मी डोळ्यानं खूण केली तर राजम्माला दिसायची नाही. म्हणून ठरलं, मी तारांवरून बाटली उचलली की गाणं संपलं. बाटली खाली आहे तोवर ढोलकी थांबवायची नाही. कोणी काहीही म्हणो.

आता गिऱ्हाइकं. एक म्हातारे मास्तर होते, नाव सांगत नाही, नातवंडं अंक वाचतील. त्यांनी आम्हाला बोलावलं. आम्ही गेलो तर ओटा सारवलेला, बाया गोळा झालेल्या, आणि मास्तर खुर्चीत बसून पान खायलेत.

“कोण वारलं?” मी विचारलं.

“मी,” मास्तर म्हणाले. “म्हंजे वारणार हाय. तवा तुम्ही काय गाणार ते मला आत्ता ऐकवा. मेल्यावर कोण ऐकायलंय?”

त्यांची बायको आतून ओरडली, “मास्तरकी गेली, खोड गेली न्हाई!”

आम्ही गायलो. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मधेच हात वर केला. “थांबा. माझा जीव एवढ्या घाईनं काढू नका. जरा सावकाश. ढोलकीवाली बाई बरोबर हाय, तिला घाई न्हाई. तुम्हीच पळायलात.”

मला राग आला. पण परत सुरू केलं, सावकाश. आणि त्यांचं बरोबर होतं. त्या दिवसापासून मी हळू वाजवायला लागले. मास्तर नंतर पुष्कळ वर्षं जगले. दर दिवाळीला निरोप यायचा, एकदा परत म्हणून जा, काही सुधारलंय का बघतो. खरंच वारले तेव्हा आम्ही गायलो आणि पहिल्यांदाच कोणी मधे टोकलं नाही. चुकल्यासारखं वाटलं.

दुसरं कोहिनूर गावचं लग्न. नवरी मराठी घरची, नवरा कन्नड घरचा. हळदीला नवरीकडच्या म्हणाल्या, आमच्या भाषेत गा. नवऱ्याकडच्या म्हणाल्या, वऱ्हाड आमचं, आमच्या भाषेत गा. एका मावशीनं हळदीची वाटीच पाठीमागं लपवली. नवरी अर्धी पिवळी, अर्धी तशीच, बसून राहिली. राजम्मा माझ्या कानात म्हणाली, “अक्का, तुझं ते गोऱ्या बाईच्या रेकॉर्डवरचं काढ. ते कोणाचंच न्हाई.”

मी रेकॉर्डवरची चाल काढली. शब्द नाहीतच, तर म्हणणार काय. नुसतं हूं हूं केलं. दोनदा विचारणं, तिसऱ्यांदा उत्तर. राजम्माचा ठोका उशिरा पडला आणि दोन्हीकडच्या बाया एकदम म्हणाल्या, अगं बाई. मावशीनं वाटी बाहेर काढली. मग ते गाणंच ‘कोहिनूरची हळद’ म्हणून प्रसिद्ध झालं. कुठंही हळद असली की तेच पाहिजे. आम्ही ते इतक्या नवरींना गायलंय की आता त्यांच्या नाती हळदीला बसायल्यात.

आता डॅनियलचं सांगते. तो बिदरचा, गिटार शिकवतो, रविवारी चर्चमध्ये वाजवतो. एका बारशाला त्याचे लोक होते, तिथं त्यानं आम्हाला ऐकलं. गाणं संपलं तर तो ताट घेऊन उभाच. जिलेबीचा पाक मनगटावरून चाललाय आणि त्याला पत्ता नाही.

“अज्जी, हे कुठं शिकलात?”

मी सांगितलं. त्यानं मोबाइलवर एक एक गाणं लावायला सुरुवात केली. हे का? हे का? एकात गिटार वाजली आणि मी ताडकन उठले. तांदळाचा वास आला मला. तीच बाई. इतक्या वर्षांनी, तशीच, एका दिवसानंही म्हातारी झालेली नाही.

“अज्जी, ह्याला ब्लूज म्हणतात.”

“म्हंजे काय?”

“म्हंजे... निळं.”

“निळं कामून?”

“त्यांच्याकडं दुःखाचा रंग तो.”

“मग ही दुःखी हाय? मला वाटलं भांडायलीय.”

डॅनियल हसला. म्हणाला, दोन्ही. नवरा घर सोडून गेलाय, आता परत आलाय आणि दार वाजवतोय. ती सांगते, वाजव, मी उघडणार नाही.

मी राजम्माकडं बघितलं. आम्ही जन्मभर हे हळदीला गायलो होतो. अंगावर हळद लागलेल्या पोरींना. राजम्मा मात्र इतकी हसली की पदर तोंडात कोंबावा लागला.

“म्हणूनच त्या पोरी सुखात हायेत, अक्का! नवऱ्याला पहिल्याच दिवशी धमकी दिली आपण!”

मग मी त्या चालीला शब्द केले. इतकी वर्षं हूं हूं केलं, आता अर्थ कळला होता तर झाकून कशाला ठेवायचा.

दार लावून घेतलं बाई, दार लावून घेतलं,
दार लावून घेतलं बाई, दार लावून घेतलं,
आता वाजवीत बस कडी, माझं जेवण झालं.

हळदीला लोकांनी हेही हसत हसत ऐकलं. एका नवऱ्या मुलाचा चेहरा तेवढा उतरला.

याच सुमारास राजम्माला ऐकू येईना झालं. तिनं सांगितलं नाही. मला कळलं ते तिच्या वाजवण्यावरून. ती वेळेवर यायला लागली. ओळ संपली की ठोका, बरोबर, शाळेतल्या पोरासारखा. ‘अगं बाई’ बंद. बाया नुसत्या टाळ्या वाजवायच्या. मी बघितलं तर तिची नजर माझ्या हातावर. ती ऐकत नव्हती, हात बघून वाजवत होती. डोळ्यानं वाजवणारं माणूस उशिरा येऊच शकत नाही. थांबायचं किती हे कानालाच कळतं.

मी तिच्या कानाजवळ जाऊन ओरडले, “तुला ऐकू यायलंय का न्हाई?”

“ओरडायलीस कामून? गाव गोळा करतीस काय!”

“मग सांगितलं न्हाईस कामून?”

“सांगून तू काय करणार होतीस? तुझे कान देणार होतीस?”

मी सरळ सांगते, दुसरी कोणी मिळाली असती तर मी घेतली असती. मैत्री वेगळी, काम वेगळं. दोन पोरांना बघितलंही. चांगली वाजवायची. पण थांबता येत नव्हतं कोणाला. एकाला म्हटलं जरा थांब, तर तो थांबला आणि मोबाइल बघायला लागला.

उपाय राजम्मानंच काढला. एका बारशाला बेंजो मी लाकडी पाटावर ठेवला होता आणि दाटीत तिचा अनवाणी पाय त्याच पाटाला टेकला होता. पाळणा सुरू झाला आणि ठोका उशिरा आला. मी चमकून वर बघितलं. तिचे डोळे मिटलेले.

“पायातून यायलंय अक्का,” ती म्हणाली. “मुंग्यांसारखं. टाचेतून वर.”

त्यानंतर आम्ही तो पाट सगळीकडं न्यायला लागलो. बेंजो पाटावर, राजम्माचा पाय पाटावर. लोकांना वाटायचं बाई वाजवायच्या वस्तूला पाय लावते. एकदा एका आजोबांनी झापलंही. राजम्माला ऐकूच आलं नाही.

मग यंदा डॅनियल निरोप घेऊन आला. गुलबर्ग्याला एका कॉलेजच्या आवारात गाण्याचा मोठा कार्यक्रम आहे, दोन दिवस, बेंगळूर हैदराबादचे लोक येणार, तुम्हाला बोलावलंय. कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या मॅडमनी फोन केला. बोलायला चांगली पोरगी. म्हणाली, “अज्जी, डॅनियलनं राजम्मांच्या कानांचं सांगितलं. ढोलकीला त्रास होत असेल तर आमच्याकडं हैदराबादचा तबलेवाला आहे. राजम्मांना मानानं पुढं बसवू.”

मी हे राजम्माला मोठ्यानं सांगितलं. तिनं भाकरी थापायची थांबवली.

“पुढं बसवून काय करणार? मला ऐकू कुठं येतंय?” मग म्हणाली, “अक्का, हळदीला चुकलं तर कोणी धरत न्हाई, सगळे जेवायच्या नादात. तिथं लोक फकस्त ऐकायला येणार. तिथं एकदा मी बरोबर उशिरा आले की बास. मग ढोलकी खुंटीला. पण त्या पोराला माझ्या जागी बसवलंस तर आज संध्याकाळीच खुंटीला.”

मी मॅडमना कळवलं, तबलेवाला नको.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी जाऊन बघितलं. लाकडी फळ्यांचं स्टेज, वर जाजम. आम्ही पाट ठेवला, दोन ओळी वाजवून बघितल्या. ठोका उशिरा. बाजूला तो हैदराबादचा तबलेवाला बसला होता, त्यानं मान हलवली. मी खूश. पण सकाळी मोठे स्पीकर लावलेले नव्हते, फक्त माइक तपासत होते. ते मला कळायला पाहिजे होतं, कळलं नाही. आम्ही आयुष्यात स्टेजवर बसलोच नव्हतो.

दुपारी आमची पाळी आली. आवार भरलेलं. मी बाटली तारेवर ठेवली आणि अंगावर काटा आला. स्पीकरमधून तो सूर असा निघाला, आमच्या गिरणीएवढा मोठा. म्हटलं, दोड्डम्मा, ऐकायला पाहिजे होतंस गं. तिला एकदाही ऐकवता आलं नाही, ती कधीच परत गेली, ते राहून गेलं. पण विचार करायला वेळ नव्हता. ‘दार लावून घेतलं बाई’ म्हटलं आणि ठोका पडला.

वेळेवर.

दुसरी ओळ म्हटली. वेळेवर. बघितलं तर राजम्माचे डोळे सताड उघडे, माझ्या हातावर. पायाची बोटं पाटावर घट्ट रुतवलेली. तिसऱ्या ओळीला ती थांबलीच. लोकांना वाटलं असंच असेल. ती वाकून मला म्हणाली, तिला वाटलं हळू म्हणाली, पण माइकमधून सगळ्या आवारानं ऐकलं.

“अक्का, सगळी जमीनच वाजायलीय. तू कुठाइस?”

खरं होतं. स्पीकरनं सगळ्या फळ्या थरथरत होत्या. त्या थरथरीत माझा बेंजो हरवला होता. मी बाटली उचलली. गाणं बंद. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला काहीतरी बोलली आणि राजम्मानं ते बघितलं. ऐकू येत नाही, पण अशा वेळी लोक काय बोलतात हे तिला कळतं. तिनं ढोलकीचा पट्टा गळ्यातून काढायला हात घातला.

मी माइकमध्ये म्हटलं, “ते स्पीकर बंद करा.”

स्पीकरवाला पळत आला. “अम्मा, बंद करे तो पीछे के लोगां क्या सुनेंगे?”

“पीछे के लोगांकु आगे आने कु बोल.”

“ऐसा नक्को अम्मा, प्रोग्राम का सवाल हय.”

“मेरा बी वहीच सवाल हय.”

त्यानं मॅडमकडं बघितलं, मॅडमनी घड्याळाकडं. आमच्यानंतर बेंगळूरचा बँड तयार उभा होता. मी म्हटलं, ह्या फळ्यांवर बसणं नको, खाली जाऊ. आवारात सगळी शहाबादी फरशी. त्या दगडाला कशाचंच सोयरसुतक नाही, हत्ती नाचला तरी हलायचा नाही. मी बेंजो काखोटीला मारला. डॅनियलनं पाट घेतला. राजम्मा उठेना.

“चल!”

“कुठं? हाकलून द्यायलेत काय?”

“खाली! बारशाला बसतो तसं!”

हे ऐकून, म्हणजे माझं तोंड बघून, ती उठली. मी तिचा हात धरून पायऱ्या उतरवल्या. गुडघे दोघींचेही गेलेले, कोण कोणाला उतरवत होतं सांगता येत नाही. लोकांनी खुर्च्या मागं सारल्या. स्पीकरवाल्यानं खटका बंद केला आणि इतका वेळ घुमणारं सगळं एकदम थांबलं. मॅडमनी चपला काढल्या आणि सगळ्यात पुढं फरशीवर मांडी घालून बसल्या. मग मागचे पुढं आले. पोरं, पोरी, बेंगळूरचा बँडसुद्धा, गळ्यात गिटारी घेऊन. एक गोल झाला. हळदीला असतो तसा, फक्त हळद नव्हती.

पाट फरशीवर. बेंजो पाटावर. राजम्मानं पाय ठेवला आणि मी नुसती एक तार छेडली. तिनं मान हलवली. आली मुंगी.

मी बाटली ठेवली. त्या मास्तरांची आठवण झाली आणि आणखी सावकाश सुरू केलं. दार लावून घेतलं बाई. सूर निघाला, निम्म्या वाटेवर थांबला, दाराशी जाऊन उभा राहिला. ओळ संपली. आणि काही झालं नाही. एवढं मोठं आवार, आणि काही म्हणजे काही झालं नाही. तबलेवाल्याचं बोट त्याच्या मांडीवर उचललेलं, तसंच अधांतरी.

मग ठोका पडला.

“अगं बाई,” मॅडम म्हणाल्या. मोठ्यानं. त्यांच्या लक्षातही आलं नसेल.

दुसऱ्या ओळीला त्याहून उशीर. तिसऱ्या ओळीला, माझं जेवण झालं म्हटल्यावर, राजम्मानं इतका वेळ लावला की माझाच श्वास अडकला. आणि मी तर तिला एवढी वर्षं ऐकतेय! आवार खदाखदा हसलं. डॅनियल गिटार घेऊन आत घुसला, मी डोळे वटारले, तरी घुसला, आणि चांगला वाजवला. मी मधे कन्नड पद घातलं, कव्वालीची तान घातली, मांजर घातलं, गिरणी घातली. जे जे आयुष्यात उचललं ते सगळं त्या बाटलीखालून गेलं. आणि प्रत्येक वळणावर राजम्मा उशिरा. डोळे मिटलेले, मान जराशी तिरकी, पाय पाटावर.

मग लोक उठून उभे राहिले. टाळ्या अशा पडायला लागल्या की मला माझा बेंजो ऐकू येईना. राजम्माला टाळ्या ऐकू येत नव्हत्या. तिला वाटत होतं गाणं चालू आहे. मॅडम हसत हसत घड्याळ दाखवत होत्या. बेंगळूरच्या बँडमधला एक पोरगा स्टेजकडं बोट करत होता. डॅनियलनं गिटार खाली ठेवली आणि माझ्याकडं बघितलं. शेवट करायचा तर सोपं होतं. पाटातली मुंगी थांबली की ती डोळे उघडणार, लोकांना बघणार, आणि ढोलकी गळ्यातून काढणार, कायमची खुंटीला. ती शब्दाची पक्की आहे.

मी बाटली उचललीच नाही.